शीग लावलेली पायली

सरकारी कारकुनाने तुळसाच्या शेतात काठ्या रोवून आखून दिलेल्या तुकड्यातली ज्वारी मळून झाली, तेव्हा पायली अर्धीच भरली. त्या तुकड्यावरून सगळ्या गावाचं पीक लिहिलं जाणार, आणि पीक बुडालं असं लिहिलं तरच सारा माफ होणार, हे चावडीवर सांगितलेलं होतं. तुळसापर्यंत ते कुणी पोचवलं नव्हतं.

सरकारी माणूस प्रथमच खळ्यावर आलेला. त्याच्यापुढे अर्धं माप ठेवायची तिला लाज वाटली. तो निंबाखाली भाकरी खात होता, नवरा त्याच्या घोड्याला पाणी पाजायला गेला होता. तेवढ्यात तिने घरचं बियाणं ओतून पायली काठोकाठ भरली, वर शीग लावली.

महिन्याने हुकूम आला. पीक उत्तम, सारा पुरा भरावा.

"गाव मला फितूर म्हणतंय," नवरा म्हणाला. "कशी भरली गं पायली?"

"पाव्हण्यापुढं अर्धं माप कसं ठेवायचं? बियाणं घातलं मी."

त्याने दार लोटून घेतलं. "कुणापाशी बोलू नको. जगू देणार नाहीत तुला."

चावडीवर त्याने पायलीत बियाणं घालणारा म्हणून स्वतःचंच नाव सांगितलं. तेव्हापासून गाव त्याच्याशी बोलेनासं झालं, आणि तो तिच्याशी.