शेवटची उघडी खिडकी
"आजपासून रुग्णालयाच्या सर्व्हरवर परमेश्वरसुद्धा विचारल्याशिवाय शिरणार नाही!" मुलुंडच्या घरातून सुबोधने साहेबांना फोनवर कळवलं. परमेश्वराचं ठाऊक नाही, पण पाचव्या मिनिटाला सुबोधलाच शिरता येईना. सर्वाधिकारी 'रूट' खात्यात कोणाला सोडायचं, याची यादी ओळख तपासणाऱ्या मॉड्यूलला देताना तो स्वतःचंच नाव विसरला होता. आता पडद्यावर आधीपासून उघडी असलेली, सर्व्हरशी अजून जोडलेली खिडकी हेच शेवटचं दार. ती मिटली, तर चूक सुधारायला कोणालाच आत शिरता येणार नाही, रिपोर्ट अडकणार, ऑपरेशनं थांबणार. तो यादी उघडत असतानाच आईने इंटरनेटच्या राउटरच्या प्लगला हात घातला. "आई, नको गं! वाट लागेल!" "मिक्सर लावायचाय रे." "पेशंट मरतील!" आईचा हात प्लगवरच थिजला. त्याने यादीत स्वतःचं नाव घातलं, श्वास रोखून दुसऱ्या खिडकीतून शिरून पाहिलं. शिरता आलं. शर्ट घामाने चिंब झालेला. "वाचले ना पेशंट?" "वाचले." "मग नारळ तेवढा फोडून दे."