रशियाचे पेढे

गोविंदराव मास्तरांच्या हातात पेढ्यांचा पुडा दिसला आणि पार्वतीबाईंनी काही न विचारताच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. कुंकू लागून सोयरीक पक्की झालेल्या पोरीच्या दारात मुलाचा बाप पेढे घेऊन आला, म्हणजे लग्नाची तारीखच घेऊन आला. बोरी गावात याला दुसरा अर्थ नव्हता.

"या इवाई, या," म्हणत अप्पाराव ओसरीवरून उठले. "सांगावा धाडला असता तर फटफटी पाठवली असती की स्टँडवर."

मास्तर देवगाव फाट्याहून एसट्या बदलत आले होते. धोतरावर धूळ होती. त्यांनी पुडा सोडून पहिला पेढा अप्पारावांच्या हातावर ठेवला. तेवढ्यात घरची लेक लीला पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने पाया पडून आपला पेढा घेतला आणि दाराआड जाऊन तोंडात टाकला. तिला आनंद झाला होता, आणि आनंद लपवायला दाराआडची जागा बरी असते. मास्तरांच्या प्रल्हादला तिने एकदाच नीट पाहिलं होतं, तेही तो खाली मान घालून पोहे खात असताना. पण कुंकू लागल्यापासून कुणी त्याचं नाव काढलं, की तिला परसातूनही ऐकू यायचं.

"मंग? कोणची तारीख काढली?" अप्पारावांनी विचारलं.

मास्तर पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसले. "तारखेचे पेढे न्हाईत. प्रल्हादचा नंबर लागला डॉक्टरकीला."

"लागणारच होता की. डोनेशन भरायला आपण तयार हाव म्हणल्यावर कोण न्हाई म्हणतंय?"

"हितल्या कॉलेजात न्हाई. रशियात. तिथलं सरकारच शिकवतंय. फी न्हाई, राहणं फुकट, वरखर्चालाबी देतेत. तुमच्यावर आता भार पडायचा न्हाई."

अप्पारावांच्या तोंडात अर्धा पेढा होता. तो थुंकता येईना आणि गिळवेना.

सोयरीक जमली होती ती या भारावरच. सरकारी कॉलेजात प्रल्हादचा नंबर थोडक्यात हुकला होता, आणि खाजगी कॉलेजचं डोनेशन कर्ज काढून भरलं असतं तर मास्तरांच्या पगारातून ते जन्मभर फिटलं नसतं. ते अप्पारावांनी भरायचं आणि पोराने लीलाशी लग्न करायचं, असं भर बैठकीत ठरलं होतं. त्यासाठी अप्पारावांनी सडकेकाठचं रान विकायला काढून इसारही घेतला होता. सगळं गाव म्हणालं, सोयरीक असावी तर अशी.

"मंग जाऊ द्या की त्याला," अप्पाराव कसंबसं गिळून म्हणाले. "किती वर्षं लागतेत?"

"सहा-सात. आधी तिथली भाषा शिकावी लागते."

"आमी थांबतो. पोरगी काय पळून चालली का?"

मास्तरांनी दोरा सोडला आणि पुन्हा गुंडाळला. "थांबा म्हणायला मला तोंड न्हाई. पोरगं म्हणतंय, सासऱ्याच्या पैशावर शिकलो असतो तर जन्मभर मिंधा झालो असतो. आता सुटलो म्हणतंय."

अप्पारावांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "बरं हाय मास्तर. गरज सरो, वैद्य मरो."

दाराआड लीलाच्या जिभेवर अजून गोडच होतं. ते जाईना. आता रडू येईल म्हणून ती तिथेच उभी राहिली, पण आलं नाही. राग आला असता तरी चाललं असतं, तोही आला नाही. आत माय रवा हलवत होती, कढईचा आवाज येत होता. लीलाने ट्रंक उघडून कुंकवाची साडी काढली आणि ओसरीवर नेऊन ठेवली.

"राहू दे बाळ, तुला राहू दे," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. कुंकवात पोराला घातलेली अंगठी त्यांनी आधीच सतरंजीवर काढून ठेवली होती.

"ब्लाउज शिवून झालाय," लीला म्हणाली. "माझ्या मापाचा हाय. दुसरीसाठी उसवून घ्यावा लागंल."

तेवढ्यात पार्वतीबाई शिऱ्याच्या ताटल्या घेऊन हसत बाहेर आल्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. अन्नाला नाही म्हणू नये म्हणून मास्तरांनी मान खाली घालून शिरा खाल्ला. अप्पारावांनीही खाल्ला. "तूप कमी तर न्हाई ना पडलं?" पार्वतीबाईंनी विचारलं, तेव्हा दोघंही न्हाई म्हणाले.

मास्तर गेले. साडी त्यांनी नेली नाही.

अप्पाराव अंगठी हातात फिरवत बसले. पार्वतीबाई आता खांबाला टेकून डोळे पुसत होत्या. लीला ताटल्या गोळा करत होती.

"रडून काय व्हतंय?" अप्पाराव म्हणाले. "इसार तर घेऊन बसलोय, रान काय माघारी येत न्हाई. पैसा हाय तवर हालचाल करावी. पाथरीच्या किशनरावाचं धाकटं पोरगं डोनेशनपायीच अडलंय म्हणतेत. उद्या जाऊन येतो."

लीलाने ताटलीतला उरलेला शिरा एका कडेला सारला.

"दादा," ती बापाला म्हणाली, "जायलाच लागलाव तर आधी एवढं इचारून घ्या. त्याला कुठं फुकट तर मिळायलं न्हाई ना."