थोरल्याचं अपेंडिक्स

"तुमचं अपेंडिक्स नऊ वर्षांपूर्वीच काढलंय," डॉक्टरीणबाई पडद्यावरची नोंद वाचत म्हणाल्या. मग त्यांनी थोरल्याच्या पोटावर उजवीकडे दाबलं, तसा तो कळवळला. "मग टाक्यांची खूण कुठंय?"

"बुजली असेल," थोरला दात आवळून म्हणाला. "आमच्या घराण्याची कातडीच चांगली."

नर्स हसली. खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला धाकटा भाऊ मात्र हसला नाही. घरांना रंग देण्याचं त्याचं काम. दादाला आणलंय कळताच तो शिडीवरून उतरून तसाच धावत आला होता.

"अशी खूण बुजत नसते, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नोंद चुकलीय की तुम्ही?"

"मीच चुकलो. गॅस झालाय, बाई. घरी जातो."

आणि तो खरंच उठायला लागला. अंगात ताप, ओठ सुकलेले, आणि गडी पायाने चपला चाचपतोय! दादा कुणाला वाचवायला घरी निघालाय, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. दादा जिवानिशी जाईल हेही कळत होतं. तरी तो मिनिटभर गप्प राहिला. त्या एका मिनिटाची लाज त्याला पुढे कायम वाटत राहिली.

मग त्याने सदरा वर केला. पोटावर उजवीकडे बोटभर व्रण होता.

"ऑपरेशन माझं झालंय. तेव्हा विमा फक्त दादाला होता, छापखान्याकडून. मी दादाच्या नावाने आठ दिवस इथं पडून होतो. तेवढे दिवस तो घरात लपून बसला."

"गप रे," थोरला पुटपुटला.

डॉक्टरीणबाई चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता फोन उचलला आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

"आता कुणाचं नाव उसनं घ्यावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "कायदा होऊन दोन वर्षं झाली. उपचार सगळ्यांना मोफत. तुमच्या आरोग्य कार्डाचा नंबर सांगा, ही नोंद तुमच्याकडे वळवते."

"कार्ड काढलं नाही."

"अहो, का?"

धाकट्याला खोकल्याची उबळ आली. रंगकामातला खोकला, वर्षभर अंगावर काढलेला. तो ओसरल्यावर खाली मान घालून म्हणाला, "फॉर्मवर आधीची ऑपरेशनं विचारतात."

नर्सने तिथल्या तिथे फॉर्म काढला. नाव, वय, धंदा त्याने भराभर सांगितलं. "आधी काही ऑपरेशन?" या प्रश्नावर त्याने दादाकडे पाहिलं. चाळिशी उलटलेला बाप्या, कान लाल करून उभा.

थोरल्याला ढकलगाडीवरून दाराकडे नेत होते. त्याने हाताने गाडी थांबवायला लावली.

"सांग ना आता," तो म्हणाला. "तुझंच होतं ते."