झेंडूचा हार

भंगारवाला दारात उभा होता आणि शर्वाणी जुन्या कॉम्प्युटरला कवटाळून बसली होती.

“सोड तो. चालू होताच बंद पडतोय,” बाबा म्हणाले.

“मला उघडून शिकायचंय.”

“उघडलास तर बिघडेल!”

“भंगारात निघालाय, बाबा. आणखी काय बिघडायचंय?”

भंगारवाला खो खो हसला. बाबा चिडले. “दसऱ्यापर्यंत चालू कर, नाहीतर तो जाणार!”

झाकण उघडून शर्वाणी बघतच राहिली. आतला पंखा झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांनी जाम झाला होता; दर दसऱ्याला बाबा कॉम्प्युटरला भक्तिभावानं हार घालायचे. तिनं पंखा साफ केला. मेमरीची पट्टी खोडरबरानं घासली, शेजाऱ्यांच्या बंद कॉम्प्युटरमधली आणखी एक मागून आणून जोडली.

दसऱ्याच्या सकाळी पडदा उजळला, पूर्वीपेक्षा झटकन. बाबा हार घेऊन धावत आले. शर्वाणी मध्येच उभी राहिली.

“याला फूल लावायचं नाही! पंखा अडकतो.”

“मग पूजा कशाची करू? तुझी?”

तिनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पाटावर ठेवला.

बाबांनी हार बाजूला ठेवला. मग कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं.