अबोला

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, आणि हातमोजे चढवायच्या आधी पुन्हा एकदा धुतले. सिस्टरनं ते बघितलं.

टेबलावर गावातला सलूनवाला होता. जांघेतल्या हर्नियात त्याचं आतडं अडकलं होतं. बायकोनं त्याला टेम्पोत घालून मिशनच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा तो कण्हायचाही थांबला होता. आता पाठीत भुलीचं इंजेक्शन दिल्यामुळे कमरेखालचं काही कळत नव्हतं, आणि छातीवर आडवा पडदा बांधल्यामुळे काही दिसत नव्हतं. तोंड मात्र मोकळं होतं.

"बाई, ते म्हणा ना."

"काय?"

"आधी म्हणता ते. माझ्या मेव्हण्याच्या वेळी म्हटलं होतं तुम्ही."

सिस्टरनं पटकन मान खाली घातली. मागे एक बाळंतीण याच टेबलावर गेली. तेव्हापासून ऑपरेशनआधीची प्रार्थना सिस्टरच पुटपुटायची. बाई तेवढा वेळ कात्र्या आणि चिमटे सरळ करत राहायच्या. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायच्या, आणि उपदेश निम्म्यावर आला की कुणीतरी पेशंट आठवून उठायच्या.

"सिस्टर म्हणतील."

"नको. सुरी तुमच्या हातात आहे, तुम्हीच म्हणा." सलूनवाल्याचे ओठ कोरडे पडले होते. "गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मी बडबड सुरू करतो. मग त्याचं वस्तऱ्याकडे लक्ष जात नाही. तुम्ही अशा गप्प राहिलात, की मला नुसता वस्तराच दिसतो."

त्याची नाडी पळत होती. बाईंनी डोळे मिटले.

"हे प्रभू," त्या म्हणाल्या.

पुढचा शब्द येईना. वर्षानुवर्षं जे आपोआप तोंडातून यायचं, त्यातलं काहीच येईना. सिस्टर वाट बघत होती. पडद्यापलीकडे तोही वाट बघत होता.

"हे प्रभू, माझ्या मनात काय आहे ते तुला माहीत आहे. आपलं काय ते नंतर बघू. आत्ता हा माणूस टेबलावर आहे. याची बायको बाहेर बसलीय."

त्या थांबल्या. आणखी काही नव्हतंच.

"आमेन," सलूनवाला म्हणाला. मेव्हण्यानं शिकवून ठेवलं असावं.

आतडं मोकळं केलं, तर वीतभर तुकडा जांभळा, जवळजवळ काळा पडलेला. बाईंनी तो कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळला. रंग परत आला तर आत ठेवायचं. नाही आला तर तेवढं कापून दोन टोकं जोडायची, आणि या अशक्त माणसाला ते झेपेल याची खात्री नव्हती. आता थांबण्यावाचून हातात काही नव्हतं.

थांबणं त्यांना जमेना. वजन या पायावरून त्या पायावर गेलं. खिडकीकडे बघून झालं. त्यांनी कापडाचं टोक उचललं.

"आत्ताच ठेवलंय, बाई," सिस्टर हळूच म्हणाली.

त्यांनी टोक सोडलं. जरा वेळानं पुन्हा उचललं.

"झालं का?" पडद्यापलीकडून आवाज आला.

"नाही."

"मग थांबलात का?"

"रंग यायची वाट बघतेय."

"माझ्याकडे केस काळे करायला येतात, त्यांचंही असंच असतं. लावून होत नाही तोच आरसा मागतात."

सिस्टरला मास्कमागे हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत, पण हात मागे घेऊन स्वस्थ उभ्या राहिल्या.

शेवटी कापड उलगडलं. कडेनं लाली चढत होती. बाईंनी बोटानं हलकेच डिवचलं, तशी आतड्यातून एक बारीक लाट सरकत पलीकडे गेली. त्या वाकून बघत राहिल्या, बघायला हवं होतं त्याहून जास्तच.

"आलाय रंग," त्या म्हणाल्या.

आतडं आत गेलं. टाके घालायला सुरुवात झाली. धोका टळल्याचं कळल्यावर सलूनवाल्याची जीभ सैल सुटली.

"बाई, एक विचारू? मघाशी 'नंतर बघू' म्हणालात. भांडण झालंय का?"

सिस्टरचा हात थबकला.

"झालंय," बाई म्हणाल्या.

"मोठं?"

"मोठंच."

"पण घरातलाच वाटतो, तुमच्या बोलण्यावरून. मग बोलेल हो. घरच्या माणसानं अबोला धरून धरून किती दिवस धरायचा?"

"त्यानं नाही धरलेला," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या टाक्यासाठी सिस्टरपुढे हात केला.