शेवट सांगू नका

प्राध्यापक वाचनालयात शिरले ते तडक रद्दीच्या ढिगापाशी. दहा वर्षांत ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही ते आज रद्दीत जाणार, अशी पाटी दारावर लागली होती. साहित्याची व्याख्या शोधणारं त्यांचं चारशे पानी पुस्तक बारा वर्षं कपाटात धूळ खात होतं. उमेदीची सात वर्षं घालून लिहिलेलं! त्यांनी ढीग दोनदा उपसला. पुस्तक नव्हतं.

"गेलं वाटतं," ते पुटपुटले.

"गेलंय ना, वाचायला," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तीन महिने झाले, परत यायचं नाव नाही."

बाई थट्टा करताहेत, असंच त्यांना वाटलं. त्यांचे विद्यार्थीसुद्धा त्या पुस्तकाच्या वाटेला जात नसत.

तेवढ्यात खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवलेला प्लंबर आत आला. त्याच्या हातात तेच पुस्तक! नळाच्या आट्यांना गुंडाळायच्या पांढऱ्या टेपचे तुकडे खुणेसाठी पानापानांतून डोकावत होते.

"बाई, रागावू नका. अजून आठवडाभर राहू द्या."

"एवढं काय आहे त्यात?" प्राध्यापकांनी विचारलं.

"अहो काका, काय डोकं आहे लिहिणाऱ्याचं! साहित्य कशाला म्हणायचं, एवढाच शोध. आधी म्हणतो, सुंदर भाषा म्हणजे साहित्य. पटलं मला. पुढच्या प्रकरणात स्वतःच ते खोडून काढतो. मग म्हणतो, मनानं रचलेलं ते साहित्य. तेही निसटतं! दर वेळी वाटतं, सापडला चोर, आणि हा गडी पुरावा नाही म्हणून सोडून देतो. घरी जेवताना रोज वाद. बायको म्हणते, धाकटीला झोपवताना मी सांगते तेही साहित्यच. सासूबाईंचं तिसरंच."

ग्रंथपालबाई 'हेच ते लेखक' म्हणणार, तोच प्राध्यापकांनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते. इतका आनंद त्यांना पुस्तक छापून आलं त्या दिवशीही झाला नव्हता.

शेवटच्या पानावरही चोर सापडत नाही, हे आजवर फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"पण शेवटी काय होतं की..." सवयीनं त्यांनी सुरुवात केली.

"ओ काका, शेवट सांगू नका हं!" प्लंबरनं दोन्ही कान घट्ट दाबले.

तीस वर्षं व्याख्यानं झोडणारे प्राध्यापक मुकाट्यानं बाकावर बसले. हाताची घडी, तोंडावर बोट.