तलंगीची बांग

डालग्याखालची तलंग पुन्हा आरवली. अजून एक अंडंही न दिलेली कोंबडी, पण मान ताणून बांग दिली ती थेट कोंबड्यासारखी. अंगणात जमलेल्या बाया दोन पावलं मागं सरल्या.

"ऐकलंत?" रंगुबाई किंचाळली. "माज्या दारात कोंबडी बांग देती! गाय गाभडली, हिरीनं तळ गाठला, आता आनखी काय बगायचं राह्यलंय?" तिचं बोट डालग्यावरनं निघालं ते सुनेवर येऊन थांबलं. "हिनंच केलंय. तांबडं फुटायच्या आत गोठ्यात शिरती, कोंबडी उराशी धरती आन काय काय पुटपुटती. म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय!"

चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणे पुटपुटती! चोच दाबून धरत होती ती, रोज पहाटे, तलंगीनं गाव उठवू नये म्हणून. आणि धरायला सांगितलं होतं कुणी? ह्याच रंगुबाईच्या लेकानं. नगरच्या कॉलेजात पोरांना प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या राधाकृष्णानं. आत्ता तो दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा होता. नगरला सावेडीतल्या खोलीवर घरमालक कोंबड्या ठेवू देईना, म्हणून साहेबांचा प्रयोग इथं घरी, तिसगावात आला. दर रविवारी यायचा आणि तलंगीला सुई टोचून जायचा. धरायला चांगुणा.

"कोंबड्याच्या अंगात जो रस असतो ना, तो आहे हा," तेव्हा केवढ्या हौसेनं सांगत होता. "बांग द्यायची सोय कोंबडीच्याही मेंदूत असते. निजलेली असते, एवढंच. हा रस रक्तातनं तिथं पोचला की ती जागी होते." तुरा लालभडक होऊन वर आला, तेव्हा तर बायकोला उचलून नाचायचंच काय ते त्यानं बाकी ठेवलं. वर बजावलंही होतं, "आईला बोलू नकोस हं. देवभोळी आहे, घाबरेल." नाही बोलली चांगुणा. आज सगळ्या गावासमोर तिला चेटकीण ठरवत होते, तरी तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं. तो आहे ना उभा, तोच सांगेल.

चुलत सासरा कारभारी हातात कोयता घेऊन पुढं आला. "राधाकृष्णा, तू शिकल्याला मानूस. तूच सांग, काय करायचं?"

आता बोलेल, चांगुणाला वाटलं. आता तरी बोलेल. खडी फोडायला निघालेल्या बायाही पाट्या खाली ठेवून त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

राधाकृष्णानं घसा खाकरला. "आई म्हणते तसंच करू. हिला जाऊ दे चार दिवस मिरजगावला, माहेरी. लोक जरा शांत झाले की आणतो." मग घाईघाईनं म्हणाला, "फक्त कोंबडी कापू नका, काका. मी नगरला घेऊन जातो तिला. कामाची आहे."

कोंबडी कामाची आहे! म्हणजे वाचा बसली नव्हती तर मेल्याची! कोंबडीसाठी फुटलं होतं तोंड!

चांगुणानं पदर खोचला, तरातरा घरात गेली आणि कणगीमागं दडवलेली काचेची बाटली न् सुई घेऊन बाहेर आली. दोन्ही तिनं सासूच्या हातावर आदळल्या.

"ही घ्या करनी, आत्याबाई. कुनी केली ते तुमच्या लेकाला इचारा. दर आयतवारी तोच टोचत हुता, म्या नुसती धरत हुते."

"हे काय रं?" रंगुबाईनं विचारलं.

बाटली फुटू नये म्हणून राधाकृष्णानं झटकन हात पुढं केला. सगळ्यांना जे कळायचं ते कळलं.

"न्हाई बोलायचे ते," चांगुणा कडाडली. "ह्यानं कोंबडीच्या नरड्यातनं कोंबड्याचा आवाज निगतो, आत्याबाई. बाटलीत आजून थोडं हाय. लेकाला टोचून बगा, बाप्याचा निगतोय का!"

खडीवाल्या बायांतली एक पदर तोंडाला लावून फिसकन हसली. कारभाऱ्यानं कोयता पाठीमागं घेतला. चांगुणानं मात्र कुणाकडं पाहिलं नाही. तिनं डालगं लाथेनं उलटं केलं, तलंग बगलेत मारली आणि एसटीची वाट धरली.

"अगं, तिला कुठं नेतेस?" राधाकृष्ण चार पावलं मागनं धावला. "माझं सगळं काम आहे तिच्यावर!"

चांगुणानं पाय उचलला.

वेशीपाशी तलंगीनं बगलेतनं मान वर काढली, ताणली. चांगुणाचा हात सवयीनं चोचीकडं गेला, आणि मध्येच थांबला.

"वरड बाई," ती म्हणाली. "गाव गोळा हुईस्तोवर वरड."